गोळीतलं ॲसिड झाकलं म्हणजे पोट वाचतं का?

मेडिसिनल केमिस्ट्री शिकवताना एक प्रश्न जवळजवळ दर बॅचला येतो, की मॅडम, पेनकिलरने पोट बिघडतं कारण ती ॲसिड असते, मग त्या ॲसिडचं एस्टर करून टाकलं (म्हणजे त्याला अल्कोहोल जोडून ॲसिडचं टोक झाकलं) की झालं ना? प्रश्न चांगला आहे आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. पण उरलेल्या अर्ध्यासाठी केमिस्ट लोक सव्वाशे वर्षं झटतायत, त्यात चांगली चांगली औषधं पडली, कंपन्या बुडाल्या, आणि अजूनही गुडघेदुखीच्या प्रिस्क्रिप्शनवर पेनकिलरच्या खाली पॅन्टोप्राझोल नाहीतर राबेप्राझोल असं जठरातलं ॲसिड कमी करणारं औषध लिहिलेलं असतंच. वर्गात हे सगळं पाऊण तासात बसत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी कुठल्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते सांगते. ब्रुफेनमधलं आयबुप्रोफेन, व्होवेरानमधलं डायक्लोफेनॅक, झेरोडॉलमधलं ॲसिक्लोफेनॅक, शिवाय नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन आणि आपली जुनी ॲस्पिरिन. दुखणं कमी करतात आणि सूजही उतरवतात. (पॅरासिटामॉल या घरातलं नाही, ते सूज फारशी उतरवत नाही आणि पोटालाही तितकं लागत नाही.) या सगळ्यांचे रेणू दिसायला वेगवेगळे, पण प्रत्येकात एक कार्बोक्झिलिक ॲसिड ग्रुप असतोच, आणि सगळा खेळ तिथून सुरू होतो.

जठरात पीएच साधारण एक-दोनच्या आसपास असतो, एवढ्या ॲसिडमध्ये या औषधांवरचा हायड्रोजन सुटत नाही, म्हणजे रेणूवर चार्ज येत नाही, आणि चार्ज नसलेला रेणू पेशीच्या स्निग्ध पडद्यातून आरामात आत शिरतो. पेशीच्या आत मात्र पीएच सातच्या वर. तिथे गेल्या गेल्या हायड्रोजन सुटतो, चार्ज येतो, आणि आता तोच पडदा त्याला परत बाहेर सोडत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं आहे हे, आत जायचं दार आहे, बाहेर यायचं नाही. मग औषध जठराच्या आतल्या पेशींमध्ये साठत जातं, मायटोकॉन्ड्रियाचं एनर्जी बनवायचं काम बिघडवतं, पेशी थकतात, एकमेकींना धरून ठेवलेले सांधे सैल होतात आणि वरचं ॲसिड आत झिरपायला लागतं. शिवाय जठराच्या अस्तरावर फॉस्फोलिपिडचा एक पाणी न धरणारा थर असतो, तोही ही औषधं विस्कटतात. ह्यूस्टनच्या लेनर्ड लिक्टेनबर्गर यांनी या थरावर फार वर्षं काम केलंय.

हे झालं गोळी जिथे टेकते तिथलं नुकसान. दुसरं नुकसान रक्तातून येतं, आणि बहुतेक लोकांना हेच माहीत नसतं.

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं बनू देत नाहीत, त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत. प्रोस्टाग्लँडिन सूज आणि दुखणं वाढवतात, ते बंद केले की बरं वाटतं. पण जठरात हेच प्रोस्टाग्लँडिन म्युकस बनवायला लावतात, बायकार्बोनेट सोडायला लावतात, अस्तराचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. म्हणजे औषध गुडघ्यावर जे करतं तेच जठरात करतं, आणि गुडघ्याला जे हवं असतं ते जठराला नको असतं. त्यामुळे इंजेक्शन घेतलं, सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) घेतली, गोळी पोटाला शिवलीसुद्धा नाही, तरी अल्सर होऊ शकतो. लोक म्हणतात इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही, कृपा करून यावर विसंबू नका.

कोटिंगचंही तसंच. जठरात न विरघळणारी, आतड्यात जाऊन फुटणारी एन्टेरिक कोटेड ॲस्पिरिन हार्टच्या पेशंटना सर्रास देतात, आपल्याकडे घरोघरी एकोस्प्रिनची पट्टी असते. १९९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये केली नावाच्या संशोधकाचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, त्यात साधी ॲस्पिरिन, कोटेड ॲस्पिरिन आणि बफर्ड (ॲसिड मारणारा क्षार मिसळलेली) ॲस्पिरिन या तिन्हींनी पोटातल्या मोठ्या रक्तस्रावाचा धोका जवळपास सारखाच वाढलेला दिसला, कमी डोसला साधी २.६ पट, कोटेड २.७ पट, बफर्ड ३.१ पट. कोटिंगने जळजळ कमी होते, ते खरं आहे. रक्तस्राव वेगळी गोष्ट आहे. (म्हणून कोणी हार्टची ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नये, तिचा फायदा पेशंटला जास्त असतो म्हणूनच डॉक्टर देतात.)

गंमत म्हणजे ॲस्पिरिन स्वतःच पोट वाचवायच्या केमिस्ट्रीतून आलेली मानतात. एकोणिसाव्या शतकात संधिवातावर सोडियम सॅलिसिलेट ग्रॅमच्या ग्रॅम घ्यायचे, चव घाणेरडी आणि पोटात आग. बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने १८९७ मध्ये सॅलिसिलिक ॲसिडच्या हायड्रॉक्सी ग्रुपवर ॲसिटाइल चढवलं, आणि ते म्हणे वडिलांचा त्रास बघून. या गोष्टीवर वाद आहे, आर्थर आयशेनग्रून यांनी १९४९ मध्ये लिहिलं की कल्पना आणि देखरेख माझी होती. त्याच्याही आधी १८५३ मध्ये शार्ल गेरार यांनी तो पदार्थ अशुद्ध रूपात बनवला होताच. पण माझ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं ते पुढचं आहे. त्या बदलात कार्बोक्झिलिक ॲसिड तसंच राहिलं. बदलला तो शेजारचा ग्रुप. आणि १९३८ मध्ये लंडनला डाउथवेट आणि लिंटॉट यांनी पेशंटच्या पोटात गॅस्ट्रोस्कोप घालून बघितलं तर ॲस्पिरिनने अस्तर लाल झालेलं, रक्ताळलेलं दिसलं. पोट शांत करायला लावलेला तो ॲसिटाइल ग्रुप पुढे भलतंच काम करताना सापडला, तो प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमच्या सेरीन ५३० या अमिनो ॲसिडवर कायमचा जाऊन चिकटतो, आणि प्लेटलेटला न्यूक्लिअस नसल्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य तशीच काढते. म्हणून ॲस्पिरिन रक्त पातळ ठेवते, आणि म्हणूनच पोटातला छोटा अल्सरसुद्धा जास्त वाहतो.

आता एस्टरवाल्या प्रश्नाकडे येते.

आपल्या फार्मसी कॉलेजांमध्ये एम.फार्मच्या प्रोजेक्टमध्ये हा विषय भरपूर होतो, कारण लागणारं सामान कुठेही मिळतं. आयबुप्रोफेन घ्यायचं, मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, काँक सल्फ्युरिकचे थेंब टाकायचे आणि राउंड बॉटम फ्लास्कमध्ये रिफ्लक्स लावायचा, म्हणजे वाफ थंड करून परत खाली पाडत उकळत ठेवायचं. मग टीएलसीवर (पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर) स्पॉट बघत बसायचं. मला त्यातली एक साधी टेस्ट अजून आवडते, आणि मुलांकडून मी ती करून घेतेच. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूळ आयबुप्रोफेन टाकलं की फसफस होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, एस्टर टाकलं की द्रावण गप्प. इन्फ्रारेडचा ग्राफ यायच्या आधीच डोळ्यांना दिसतं की ॲसिड गेलं. पुढे हायड्रेझिन हायड्रेट घालून हायड्रेझाइड, त्याच्यापासून ऑक्साडायझोल, ट्रायझोल अशा रिंगा. काही जण अमिनो ॲसिड जोडतात, काही जण आयबुप्रोफेनला पॅरासिटामॉलच जोडतात, म्हणजे तुटल्यावर दोन्ही औषधं मोकळी.

मग उंदरांवर टेस्ट. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन विस्टार जातीच्या उंदराच्या पंजात सूज आणणारं कॅराजीनन टोचायचं, सूज मोजायची, औषधाने किती उतरली ते बघायचं. आणि अल्सरसाठी उपाशी उंदराला डोस देऊन काही तासांनी जठर काढायचं, मोठ्या वळणाच्या बाजूने उघडायचं, सलाइनने धुवायचं, पसरून पिना लावायच्या आणि भिंगातून बघायचं. निरोगी अस्तर गुलाबी, घडीघडीचं. मूळ औषध दिलेल्यात लाल ठिपके, काळपट लांबट रेघा, कधी खोल खड्डा. त्यांना गुण द्यायचे आणि त्यावरून अल्सर इंडेक्स काढायचा. बदललेल्या रेणूचा इंडेक्स जवळजवळ नेहमीच कमी येतो आणि थिसिसमध्ये लिहिलं जातं की पोटाला सुरक्षित.

इथे मला मनापासून आक्षेप आहे. एक डोस, काही तास, फक्त जठर, एवढ्यावर सुरक्षित म्हणता येत नाही. ॲसिड झाकलंय म्हटल्यावर टेकण्याचं नुकसान कमी होणारच, त्यासाठी तर झाकलं. पण ते झाकण पुढे रक्तात, लिव्हरमध्ये निघून मूळ औषध मोकळं होणार असेल तर रक्तातून येणारं नुकसान राहिलंच, आणि ते दिसायला काही दिवस डोस द्यावा लागतो. झाकण निघतच नसेल तर अल्सर नाही हे खरं, पण मग औषध काम तरी करतंय का, की रेणू नीट शोषलाच गेला नाही म्हणून अस्तर गुलाबी दिसतंय? रक्तातली लेव्हल मोजल्याशिवाय, अस्तरातलं प्रोस्टाग्लँडिन मोजल्याशिवाय हे कळत नाही. आणि लहान आतडं कोणी उघडतच नाही!

लहान आतड्याचं सांगायलाच हवं. डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन अशा औषधांना लिव्हर ग्लुकुरोनिक ॲसिड हा साखरेसारखा तुकडा जोडून पित्तातून आतड्यात सोडतं, तिथले बॅक्टेरिया ती जोडणी तोडतात, औषध परत मोकळं होतं, परत शोषलं जातं, परत लिव्हर, परत पित्त. प्रत्येक फेरीत आतड्याचं अस्तर पित्त आणि औषध दोन्ही एकत्र सोसतं. पॅन्टोप्राझोल जठरातलं ॲसिड कमी करतं त्यामुळे जठर आणि त्याच्या लगेच पुढचा भाग वाचतो, पण खालच्या आतड्यात मुळात ॲसिड नसतंच, तिथे त्याचा उपयोग नाही. दुखणं नसतं, जळजळ नसते, नुसतं हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जातं, आणि घरातली बाई थकल्यासारखं होतंय म्हणते तर सगळे म्हणतात वय झालं.

बाजारात आलेली झाकणवाली औषधं बघितली की हा सगळा हिशोब नीट कळतो. नॅब्युमेटोन घ्या, त्यात ॲसिडच नाही, कीटोन आहे. लिव्हरमध्ये गेल्यावर त्याचं नॅप्रोक्सेनच्या जवळचं एक ॲसिड बनतं, तेच काम करतं, आणि ते पित्ताच्या फेऱ्यांतही सापडत नाही. मला हा रेणू फार आवडतो, एकाच युक्तीने जठराचं टेकणं आणि आतड्याची फेरी दोन्ही टाळली. सुलिंडॅक आणि जपानचं लॉक्सोप्रोफेन यांनी वेगळी वाट धरली, ॲसिड उघडंच ठेवलं आणि रेणूचं दुसरं टोक झाकलं, सुलिंडॅकमध्ये सल्फॉक्साइड आणि लॉक्सोप्रोफेनमध्ये कीटोन. शरीरात ते बदलल्यावरच औषध चालू होतं, तोवर जठरातून पुढे गेलेलं असतं. लॉक्सोप्रोफेन १९८६ पासून जपानमध्ये लोक डोकेदुखी-पाठदुखीला घेतायत.

आणि आपलं लाडकं ॲसिक्लोफेनॅक. डायक्लोफेनॅकच्या ॲसिडवर ग्लायकोलिक ॲसिड एस्टर करून बसवलंय, म्हणजे झाकणालाच दुसऱ्या टोकाला ॲसिड आहे. बायकार्बोनेटमध्ये टाकलं तर हे फसफसणारच. माणसात त्याचा थोडाच भाग डायक्लोफेनॅक होतो आणि ते डायक्लोफेनॅकपेक्षा पोटाला सौम्य पडतं असं दिसलंय, पण सौम्य म्हणजे निर्धोक असं कोणी समजू नये. गाईगुरांत मात्र हे झाकण भराभर निघतं आणि बहुतेक सगळं डायक्लोफेनॅक होतं. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपत आली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तर त्याच्या जागी ॲसिक्लोफेनॅक वापरलं जायला लागलं, आणि त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं, केटोप्रोफेनवरही तेव्हाच आली. एक एस्टर बॉन्ड एका शरीरात टिकतो आणि दुसऱ्यात तुटतो, एवढ्याशा फरकावर आकाशातले पक्षी अवलंबून होते. मला हे वर्गात शांतपणे सांगता येत नाही.

बरं, झाकण कायमचं ठेवलं तर? इथे केमिस्ट्रीने फार सुंदर उत्तर दिलं. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम दोन प्रकारचं असतं हे १९९१ च्या सुमारास कळलं, कॉक्स-१ जठरात, प्लेटलेटमध्ये रोजची कामं करतं, आणि कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की वाढतं. औषधाचं ॲसिड टोक एन्झाइमच्या बोगद्यात आर्जिनिन १२० या अमिनो ॲसिडला धरतं. कॉक्स-१ मध्ये ही पकड फार महत्त्वाची असते, कॉक्स-२ मध्ये तितकी नाही. २००० साली अमेरिकेत व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत अमित कलगुटकर आणि लॉरेन्स मार्नेट यांच्या टीमने इंडोमेथॅसिनच्या ॲसिडचं न तुटणारं अमाइड (नायट्रोजनने जोडलेलं झाकण) आणि एस्टर केलं, आणि पोटाला सर्वात जास्त लागणाऱ्या औषधांपैकी एक असलेलं इंडोमेथॅसिन एकदम कॉक्स-२ लाच धरणारं झालं, कॉक्स-१ ला जवळपास हात न लावणारं. तेव्हा एस्टर करून टाकलं की झालं ना, म्हणणाऱ्या मुलांची कल्पना वाया जाणारी नाही, फक्त झाकण कशासाठी आहे, निघायला की राहायला, हे आधी ठरवायचं.

कॉक्सिब म्हणजे सेलेकॉक्सिब, रोफेकॉक्सिब, यांनी तर ॲसिड टाकूनच दिलं. कॉक्स-१ मध्ये ५२३ नंबरला आयसोल्यूसिन आहे आणि कॉक्स-२ मध्ये व्हॅलिन. फरक एका कार्बनचा. पण त्या एका कार्बनने कॉक्स-१ मधला बाजूचा कप्पा बंद होतो आणि कॉक्स-२ मधला उघडा राहतो, आणि सेलेकॉक्सिबचा सल्फोनामाइड नेमका त्या कप्प्यात जाऊन बसतो. पोटासाठी हे खरंच चाललं. २००० सालच्या व्हिगर ट्रायलमध्ये आठ हजारांवर संधिवाताचे पेशंट होते, रोफेकॉक्सिबवर पोटाच्या घटना शंभर पेशंट-वर्षांत २.१ आणि नॅप्रोक्सेनवर ४.५. पण त्याच ट्रायलमध्ये हार्ट अटॅक रोफेकॉक्सिबवर ०.४ टक्के आणि नॅप्रोक्सेनवर ०.१ टक्के. रक्तवाहिन्यांचं अस्तर कॉक्स-२ वापरून गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिन बनवतं, ते थांबलं, आणि प्लेटलेटचं कॉक्स-१ मोकळंच, त्यामुळे पारडं गुठळीच्या बाजूला झुकलं. ३० सप्टेंबर २००४ ला व्हायॉक्स (रोफेकॉक्सिबचं बाजारातलं नाव) बाजारातून काढलं, तोपर्यंत पाचेक वर्षं ते लाखो लोकांच्या पोटात गेलं होतं. हा धोका मग बाकीच्या पेनकिलरमध्येही कमीजास्त सापडला, सेलेकॉक्सिब अजून वापरात आहे, पण हार्टचा त्रास असलेल्याला विचार करूनच देतात.

त्यानंतरची कल्पना मला सगळ्यात माणुसकीची वाटते. जठराचं संरक्षण आपण काढून घेतोच आहोत तर त्याच रेणूसोबत थोडं संरक्षण परत पाठवू. नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन वायू अगदी थोड्या प्रमाणात अस्तराचा रक्तप्रवाह टिकवतात. कॅनडाचे जॉन वॉलेस यांचं दोन्हीवर मोठं काम. नॅप्रोक्सेनला चार कार्बनच्या साखळीने नायट्रेट जोडून नॅप्रॉक्सिनॉड केलं, फ्रान्सच्या निकॉक्स कंपनीने ते शेवटपर्यंत नेलं, पण २०१० मध्ये अमेरिकेच्या औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने मंजुरी दिली नाही, दीर्घकाळाचा सुरक्षिततेचा डेटा मागितला. मग नॅप्रोक्सेनला हायड्रोजन सल्फाइड सोडणारा तुकडा जोडून ओटेनॅप्रोक्सेसूल. २०१८ मध्ये टोरांटोच्या अँटीबी कंपनीने निरोगी माणसांवर दोन आठवडे ट्रायल घेतली, एन्डोस्कोपीत नॅप्रोक्सेनवाल्या ४२.१ टक्के लोकांना अल्सर आणि नवीन औषधावर २.५ टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, झालं, सापडलं. पण पुढच्या अभ्यासात लिव्हरची एन्झाइम्स वाढायला लागली, डोसाचं वेळापत्रक बदलून बघितलं, शेवटी २०२४ मध्ये एफडीएने ट्रायल थांबवली आणि कंपनी आर्थिक अडचणीत गेली. पोट जिंकलं होतं, लिव्हरवर अडलं.

तोवर घरात काय करायचं ते सांगते, कारण घरचे लोक मला तेच विचारतात. साठीच्या पुढचे, आधी अल्सर झालेला, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेली, स्टेरॉइड चालू असलेली माणसं, यांनी मेडिकलवाल्याकडून नुसतं नाव सांगून पेनकिलर आणू नये, डॉक्टरला विचारावं. दोन वेगळ्या नावांच्या पेनकिलर एकाच दिवशी नकोत, बऱ्याचदा आत एकाच घराण्याची औषधं असतात, पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा किंवा कोणाकडून तरी वाचून घ्या. जेवून घेतल्याने जळजळ कमी होते, रक्तातून येणारं नुकसान त्याने थांबत नाही. शी डांबरासारखी काळी झाली, चक्कर यायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि महिनोन्महिने गोळी चालू असलेल्याचं हिमोग्लोबिन अधूनमधून तपासून घ्या, जळजळ नसली तरी.

यंदा आमच्याकडे एक मुलगी इंडोमेथॅसिनच्या अमाइडवर काम करायला निघालीये. तिच्या सिनॉप्सिसमध्ये आम्ही डोस एका दिवसाऐवजी अनेक दिवसांचा केलाय, मूळ इंडोमेथॅसिनचा ग्रुप शेजारी ठेवलाय, जठरासोबत लहान आतडं पूर्ण लांबीने उघडायचं लिहिलंय, आणि रक्तात मोकळं इंडोमेथॅसिन सापडतंय का ते एचपीएलसी या पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर बघायचंय. फाइल एथिक्स कमिटीकडे गेलीये, मंजुरी आली की सिंथेसिसपासून पुढचं इथे लिहीत जाईन.